किती चालवली?

पिवळा दिवा लागला तेव्हा मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतून घराकडे निघालो होतो. कढईत उद्गारचिन्ह उभं केल्यासारखं ते चित्र. चौदा वर्षं मी अल्टो चालवली, पण हे चित्र तिच्या डॅशबोर्डावर कधी उगवलं नव्हतं. लाल म्हणजे थांबा आणि पिवळा म्हणजे सवडीनं बघा, अशी माझी साधी समजूत. बँकेत कर्जाच्या फायली बघतो, तिथेही लाल शेरा आणि पिवळी चिठ्ठी यांत तेवढाच फरक असतो. सवडीनं बघू, असं ठरवून मी गाणी लावली.

गाडी चार महिन्यांपूर्वीच दारात आली होती. मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला, जाताना म्हणाला, "दादा, बाहेर विकायला जीव होत नाही, तूच घे." दोनशेतीस घोड्यांची सेडान. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की लोक फोनवर किंमत शोधतात आणि मग माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघतात. मुलगा खूश, बायको साशंक. मला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायची भीती वाटायची. या गाडीच्या टायरकडे मात्र मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. गोल, काळे, चार.

मुकुंदवाडी ओलांडली आणि मागून थप थप आवाज येऊ लागला. एप्रिलची दुपार, दोन वाजलेले, जालना रोडला मागे बस, बाजूला रिक्षा. कडेला घ्यायला जागा होती का? खरं सांगायचं तर दोन ठिकाणी होती. पण एकीकडे ऊन होतं आणि दुसरीकडे चिखल. पुढे सिडको चौकापलीकडे पंप आहे, तिथे सावलीही असते आणि हवाही, म्हणून मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू नेली. अल्टोला असं कितीदा केलं होतं.

पंपावर उतरून बघतो तो टायर काही भुईसपाट झालेला नव्हता. जरा बसल्यासारखा, एवढंच. पुढे कळलं की या टायरांचा हाच मोठा दगा असतो. अल्टोच्या टायरची बाजूची भिंत उंच, त्यामुळे हवा गेली की ती पोळीसारखी दुमडलेली लांबूनही दिसते. या टायरची भिंत उंचीला जेमतेम बोटभर आणि शिवाय ताठ. त्यामुळे निम्मी हवा गेली तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि सगळी गेली तरी माणूस म्हणतो, जरा बसलाय.

स्टेपनी काढली तर तीही निराळीच निघाली. मूळ चाकाच्या जेमतेम निम्म्या रुंदीची, एखाद्या मोठ्या मोटारसायकलची शोभावी अशी, आणि तिच्यावर ठसठशीत पिवळा कागद: ताशी ८० किलोमीटरच्या वर नको. हा स्टेपनी शब्द मला लहानपणापासून कोकणीबिकणी वाटायचा. तो वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले दोघे भाऊ जादा चाकाचा धंदा करायचे. खुद्द ब्रिटनमध्ये आता हा शब्द कोणाला कळत नाही, आपल्याकडे शाळकरी पोराला कळतो. पंपावर जॅक लावून, पान्यावर उभं राहून नट सैल करताना मी हे आठवत होतो असं नाही. तेव्हा मी फक्त घाम पुसत होतो.

चाक आडवं टाकल्यावर स्क्रू दिसला. पत्र्याच्या छपराला मारतात तसला, षट्कोनी डोक्याचा, डोकं घासून चकचकीत झालेलं. हवा भरणाऱ्या मुलानं त्यावर थुंकी लावली, बुडबुडा आला, आणि तो म्हणाला, "काका, स्ट्रिप टाकून देतो. दीडशे रुपये. पाच मिनिटं."

मी हो म्हणणारच होतो. अल्टोच्या मागच्या एका टायरमध्ये तीन स्ट्रिपा होत्या आणि तो वीस हजार किलोमीटर बिनतक्रार पळाला होता. पण माझ्या मुलाला फोटो पाठवला होता, तेवढ्यात पुण्याहून त्याचा फोन आला. "बाबा, हात लावू देऊ नका. तो परफॉर्मन्स टायर आहे." जणू टायर नसून कोणी गवई आहे. मी चाक डिकीत टाकलं आणि सडपातळ स्टेपनीवर, कोणी ओळखीचं बघत नाही ना याची काळजी घेत, घरी आलो.

घाईचं कारणही होतं. आठ दिवसांनी भाचीचं लग्न, नागपूरला. समृद्धी महामार्गानं जायचं ठरलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाल्यापासून आमच्याकडची माणसं नागपूरला जेवायला जाऊन येण्याच्या गोष्टी करतात. चारशेहून जास्त किलोमीटर, कारला ताशी १२० ची मुभा, तापलेलं काँक्रीट, आणि मैलोन्‌मैल वळण नाही की गिअर बदलणं नाही. त्या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आम्ही चहाबरोबर वाचतो. मध्यंतरी परिवहन विभागाचे लोक तर प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासत होते.

त्या संध्याकाळी मला एकूण पाच सल्ले मिळाले. बँकेतले जोशी म्हणाले, "ट्यूब टाका आत. विषय संपला." ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकून वर्षानुवर्षं गाड्या हाकणारी पिढी आहे आमची. तोटा असा की ट्यूब आतल्या अस्तरावर घासत राहते, तापते आणि फुटली तर एका क्षणात सगळी हवा सोडते. ट्यूबलेसचा स्क्रू निदान हळूहळू श्वास सोडतो. शेजारचे म्हणाले, इन्शुरन्स बघा. मेव्हणा म्हणाला, गाडीच विका. मुलगा म्हणाला, नवा घ्या. आणि बायको म्हणाली, "अहो, पण तो स्क्रू नेमका कुठे घुसलाय ते तरी बघा की."

म्हणून रात्री जेवणानंतर चाक बाल्कनीत आणलं, टेबललॅम्प लावला आणि फायल वाचावी तसा टायर वाचायला बसलो. आमच्या वाळूजला गुडइयरचा टायर कारखाना आहे, रोज त्या बाजूनं जाणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, तरी टायरवर काय लिहिलेलं असतं ते मी पन्नाशीनंतर पहिल्यांदा वाचत होतो. २२५/४० आर १८ ९२ वाय. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा मला भिंतीची उंची वाटला, पण तो टक्का निघाला: रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. अठरा इंचांची रिम. ९२ हा भार, एका टायरला ६३० किलो. आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. मी ते अक्षर दोनदा पडताळून पाहिलं. ताशी ३०० नं जाण्याची ज्याची लायकी, तो टायर मी चार महिने भाजी आणायला वापरत होतो.

खाली एका चौकटीत चार आकडे होते, २३२२. म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. तीन वर्षांचा टायर, म्हातारा नव्हे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून तिथवर आलं की १.६ मिलिमीटर उरलं असं समजायचं. माझ्याकडे अजून पाच मिलिमीटर होते. फायल तशी स्वच्छ होती.

मग जागेचा प्रश्न. सगळे म्हणतात, मधे असेल तर पंक्चर काढा, कडेला असेल तर काढू नका. पण मध्य कुठे संपतो आणि कड कुठे सुरू होते? माझा स्क्रू होता बाहेरच्या बाजूच्या दुसऱ्या पट्टीवर, धड ना इकडे धड ना तिकडे. ब्रिटिश मानकात याचं उत्तर मिळालं: जमिनीला टेकणाऱ्या रुंदीचा मधला तीन-चतुर्थांश भाग दुरुस्त करता येतो, भोक ६ मिलिमीटरपर्यंत चालतं. अमेरिकेतला नियमही साधारण याच वळणाचा, खांदा आणि भिंत वर्ज्य. कारण साधं आहे. मधला भाग पोलादी पट्ट्यांवर सपाट बसलेला असतो. खांदा आणि भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकतात, तिथे लावलेलं ठिगळ सतत उलगडायला बघतं. बायकोच्या शिवणाच्या टेपनं मी रुंदी मोजली, २०८ भरली. दोन्हीकडून २६ सोडायचे. स्क्रू कडेपासून ३४ वर होता. आठ मिलिमीटरनं पास! जाडी चारच्या आतबाहेर. तीही पास. मुलाला विजयी मुद्रेनं फोन केला.

"पण बाबा, वेगाचं काय? पंक्चर काढलेल्या टायरला ते वाय लागू राहत नाही म्हणतात."

हा मुद्दा पोकळ नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्यांचंच यात एकमत नाही. काहींच्या मते रीतसर दुरुस्ती एकदा चालते, काहींच्या मते दुरुस्तीनंतर मूळ वेगाची हमी धरू नये. पण मला जायचं होतं १२० नं. अल्टोच्या टायरवर टी असायचा, म्हणजे १९०, आणि तोही कधी पुरा खर्च झाला नाही. तीनशेची हमी गेल्यानं माझं काय अडत होतं? मुलगा गप्प बसला. वादात तो गप्प बसल्याचे प्रसंग मला तारखेनिशी आठवतात, हा त्यातला एक.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या, वातानुकूलित टायरच्या दुकानात गेलो. तिथे कॉफी मिळते. टायशर्टातल्या तरुणानं चाक डिकीतून बाहेरही काढू दिलं नाही. फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाला, "सर, परफॉर्मन्स टायरचं पंक्चर काढतच नाहीत. चारही बदलून टाका, सत्तर हजारांत बसवतो." चारही का? तर म्हणे जोड्या जुळायला हव्यात. मी त्याला आठ मिलिमीटरनं पास झाल्याचं सांगितलं. तो हसला. मग त्यानं विचारलं, "सर, हवा गेल्यावर किती चालवली?"

"लगेच थांबवली," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की माझा त्यावर विश्वासच बसला. पंपावरच्या मुलानं विचारलं होतं, त्यालाही हेच सांगितलं होतं. मुलाला, जोशींना, सगळ्यांना हेच. बँकेत समोर बसलेला माणूस "साहेब, एकच हप्ता चुकला" म्हणतो तेव्हा मी पुढचं पान उलटतो. स्वतःची पानं उलटायची सवय मला नव्हती.

जळगाव रोडच्या कडेला लिंबाखाली एक पत्र्याचं दुकान आहे. फांदीला ट्रकचा जुना टायर टांगलेला, त्यावर पांढऱ्या रंगात 'पंक्चर'. मालक केरळचे, तीस वर्षांपूर्वी इथे आले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अल्टोची सगळी पंक्चरं त्यांनीच काढलेली. आपण मराठीत पंक्चर 'काढतो', काटा काढावा तसं, आणि अण्णांकडे ते खरोखर काढल्यासारखं वाटायचं: खिळा वाटीत टण्णकन पडायचा. सत्तर हजारांच्या आकड्यानं घाबरून मी शेवटी तिथे गेलो. त्यांच्याकडे असला टायर कशाला कोण आणेल, असं वाटत होतं. पण शेडमध्ये चाक उघडायचं यंत्र होतं, सेकंडहँड पण ठाकठीक, रिमला ओरखडा पडू नये म्हणून जबड्यांना प्लॅस्टिकची टोपणं लावलेलं.

अण्णांनी फोटो बघितलाच नाही. व्हॉल्व्हची पिन काढली. स्क्रूच्या जागी खडूनं खूण केली, तशीच व्हॉल्व्हसमोर टायरवर आणि रिमवर एकेक. मग तोच प्रश्न. "साहेब, किती चालवली?"

"लगेच थांबवली."

"बरं." त्यांनी कडेला साबणाचं पाणी फिरवलं, यंत्राचा पंजा लावला, पायानं दांडा दाबला. टायर फट्‌ आवाज करून रिमपासून सुटला. स्क्रू उलटा फिरवून काढला, वाटीत टाकला. टण्ण. मला बरं वाटलं. टायर उभा करून त्यांनी आत बॅटरी मारली आणि काही न बोलता हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत काळा चुरा होता. चहाची पूड असते ना, बारीक, कोरडी, तसा. तळहात माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "हे आतलं रबर आहे साहेब."

मग त्यांनी मला आत बघायला लावलं. मधला भाग गुळगुळीत, काळा, तुकतुकीत. स्क्रूचं भोक शोधावं लागलं, इतकं क्षुल्लक. पण भिंतीच्या आतल्या अंगाला, सगळ्या गोलावर, एक राखाडी पट्टा होता. खरखरीत, केसाळ. अण्णांनी माझं बोट धरून त्यावर फिरवलं. बाकी ठिकाणी बोट सरकत होतं, तिथे अडत होतं. एका जागी धागे वर आले होते. हवा नसताना गाडीचं वजन रिमवरून थेट या भिंतीवर आलं होतं, भिंत दुमडून स्वतःलाच घासत गेली होती. तेव्हा तो पिवळा दिवा आठवला. मुलाच्या मित्राच्या गाडीत चाकागणिक हवा मोजणारी यंत्रं आहेत; माझ्या गाडीत नुसती चाकांचे फेरे मोजण्याची सोय आहे. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं, गाडी तो फरक ओळखते आणि कढई पेटवते. म्हणजे मी गाणी लावली तेव्हा गाडी माझे फेरे मोजत होती.

तिथेच उभ्या उभ्या मी हिशोब केला. या चाकाचा परीघ साधारण दोन मीटर. मुकुंदवाडीपासून पंपापर्यंत दोन किलोमीटर धरा. हजार फेरे. भिंतीचा प्रत्येक इंच हजार वेळा दुमडला होता, वर गाडी आणि गाडीत मी.

"दोन किलोमीटर," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. भोक म्हणे काहीच नव्हतं. आतून घासून, मशरूमच्या आकाराचं ठिगळ ओढून, वर रोलर फिरवून त्यांनी ते असं बसवलं असतं की टायर संपेपर्यंत पुन्हा बघावं लागलं नसतं. स्ट्रिपचं कामही त्यांना हलकं वाटत नव्हतं, रस्त्यात अडलेल्याला ती घरी पोहोचवते. पण बाहेरून टोचताना आतलं कोणी बघत नाही, एवढंच. पंपावर मी दीडशे रुपये दिले असते तर टायरनं हवा धरली असती, साबणाच्या पाण्यातही बुडबुडा आला नसता, आणि आठव्या दिवशी आम्ही चौघं त्या केसाळ पट्ट्यावर बसून ताशी १२० नं नागपूरला निघालो असतो.

पुढचं लवकर आटपलं. नवे दोन घेतले, चार नव्हे. जोडीचा मुद्दा त्या टायशर्टातल्या पोराचा अर्धा खरा होता: एकाच आसावर एक आठ मिलिमीटरचा आणि एक पाचचा नको. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत तर हा फरक फारच जपावा लागतो, पण माझी पुढच्या दोनच चाकांवर ओढते. नवे दोन्ही मागे घातले, पुढचे जुने तसेच. ओल्या रस्त्यावर मागचं आधी घसरलं तर माझ्यासारख्याला गाडी सावरता येत नाही, म्हणून चांगले मागे. पस्तीस हजार गेले. अण्णांनी उघडल्याचे पन्नास रुपये घेतले, तेही मी हातात कोंबले तेव्हा.

घरी येऊन बायकोला चुऱ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग त्यात एवढं शोधायचं काय होतं? परवा दुपारी फोनवर तुम्हीच म्हणालात ना, टायर गेलाय, पंपापर्यंत हळूहळू आणतोय म्हणून?" मला तो फोन आठवत नव्हता. तिला वेळही आठवत होती, दोन वाजून दहा मिनिटं.

नागपूरहून परतल्यावर अण्णांकडे हवा बघायला गेलो. माझा टायर शेडच्या मागे, भंगारच्या ढिगावर पडला होता, आतला राखाडी पट्टा वर करून. जरा वाईट वाटलं. म्हटलं, "अण्णा, फांदीवरचा ट्रकचा टायर आता सडलाय. त्या जागी हा टांगा. परफॉर्मन्स टायर आहे, दुकानाला शोभेल."

अण्णांनी ढिगाकडे बघितलं, मग अंगठा आणि तर्जनी ताणून माझ्यापुढे भिंतीची उंची धरली. "एवढ्या जागेत 'पंक्चर' कसं लिहू साहेब?"